पेरुजाच्या पोटातला रस्ता

फ्लॉरेन्सचे तीन दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले आणि चौथ्या दिवशी सकाळी आमची बस रोमच्या दिशेने निघाली. वाटेत पेरुजा येथे जेवणासाठी तीन तास थांबायचे, एवढाच उल्लेख सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत होता. मी मात्र घरून निघतानाच या तीन तासांवर डोळा ठेवून होते आणि त्याला कारण झाला होता माझा सतरा वर्षांचा मुलगा. तो आणि त्याचे मित्र फासे टाकून एका कल्पित जगाचा खेळ खेळतात. त्या जगात जमिनीखाली काळ्या एल्फांचे एक शहर आहे आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली सरदार घराणी त्यावर राज्य करतात. तिथला कायदा असा की एका घराण्याने दुसऱ्याचा रातोरात निर्वंश केला, तर कोणी काही विचारत नाही. मात्र त्या घराण्यातला एक जण जरी वाचला आणि त्याने फिर्याद केली, तर हल्ला करणाऱ्यांचा नायनाट ठरलेला. हे ऐकल्यावर मी त्याला म्हटले होते की अशा घराण्यांचा, जमिनीखाली गेलेला एक मोहल्ला इटलीत खरोखर आहे आणि मी तो पाहून येते.

पेरुजा ही उंब्रिया प्रांताची राजधानी टेकडीवर वसलेली आहे. बस खालच्या पियात्सा पार्तिजानी या चौकात थांबते आणि तिथून 1983 साली सुरू झालेले सरकते जिने टेकडीच्या पोटातून वर नेतात. जमिनीखालचे शहर पाहायचे म्हणजे खाली उतरावे लागणार, अशी आपली समजूत असते. इथे एकामागून एक जिने चढत आपण तळघरात पोहोचतो. जिना संपला आणि समोर चक्क एक रस्ता होता. दोन्ही बाजूंना घरांच्या दगडी भिंती, त्यांत दारांच्या चौकटी आणि खिडक्यांच्या कमानी, मध्येच फुटणारा एखादा बोळ, आणि जिथे आभाळ दिसायला हवे तिथे विटांचे उंच कमानदार छत. दिवे पिवळे आणि मंद होते. मी एका भिंतीवर हात टेकून वर पाहत गेले. खाली घडीव दगडांचे थर, थंड आणि किंचित दमट. मग एका रेषेवर दगड संपतो आणि वीट सुरू होते. दगड जिथे संपतो तिथवर ते कोणाचे तरी घर होते. वीट सुरू होते तिथून पुढे पोपचा किल्ला आहे.

हा रस्ता बाल्योनी या इथल्या बलाढ्य सरदार घराण्याच्या मोहल्ल्यातला आहे आणि आजही त्याला व्हिया बाल्योना असेच म्हणतात. पेरुजा तेव्हा पोपच्या राज्यात मोडत होते. पोप तिसरा पॉल याने मिठावरचा कर वाढवला, पेरुजाने बंड केले आणि 1540 साली पोपच्या सैन्याने ते मोडून काढले. त्यानंतर पोपने शहराला कायमची जरब बसावी म्हणून किल्ला बांधायला घेतला आणि त्यासाठी नेमकी बाल्योनींची टेकडी निवडली. धाकटा आन्तोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाने घरांचे आणि मनोऱ्यांचे माथे उतरवले, रस्त्यांवर कमानी टाकल्या आणि उभ्या मोहल्ल्याचा पाया करून टाकला. त्याच सांगाल्लोने पोर्ता मार्त्सिया हा एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या लोकांच्या काळचा दरवाजा मात्र मोडू दिला नाही. तो उतरवून किल्ल्याच्या भिंतीत पुन्हा बसवला. या माणसाविषयी नेमके काय वाटून घ्यावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या मार्गदर्शकाने या रस्त्यातून सर्वांना पाच मिनिटांत पुढे नेले. ‘इथे पूर्वी किल्ला होता’, एवढे एकच वाक्य सांगून झाले आणि मंडळी चॉकलेटच्या दुकानांकडे वळली. मला याचा मनस्वी राग आला. पैसे भरून एवढ्या लांब आलेल्या माणसांना आपण कोणाच्या उंबरठ्यावर उभे आहोत हेही सांगायचे नाही, हा पाहुण्यांवर आणि त्या जागेवर, दोघांवरही अन्याय आहे. मी जेवण सोडले आणि मागे राहिले.

बाल्योनींचे वैरी ओद्दी. 1488 साली बाल्योनींनी त्यांना शहराबाहेर हाकलले आणि ते पुन्हा पुन्हा परत येण्याची धडपड करत राहिले. त्यांपैकी एका रात्रीची हकिकत फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत माकियाव्हेल्ली याने लिहून ठेवली आहे. घोडेस्वारांना अटकाव व्हावा म्हणून शहरातले रस्ते साखळ्या लावून बंद केले जात. ओद्दींची माणसे गुपचूप आत शिरली आणि पुढचा गडी लोखंडी सोट्याने कुलपे फोडत चालला. मुख्य चौकाची शेवटची साखळी तेवढी उरली होती, पण मागून एवढी गर्दी रेटत होती की त्याला हात उगारायला जागा मिळेना, म्हणून तो ओरडला, “मागे सरा!” तो शब्द रांगेतून मागे मागे जात राहिला, शेवटच्यांना वाटले की माघार आहे, ते पळत सुटले आणि त्यांच्या पाठोपाठ सगळेच पळाले. मी ज्या बोळासमोर उभी होते तो जेमतेम दोन माणसांच्या रुंदीचा होता. तिथे उभे राहिल्यावर ही हकिकत पटवून द्यावी लागत नाही.

ओद्दी गेले आणि बाल्योनींच्या घरातच भाऊबंदकी पेटली. 1500 च्या जुलै महिन्यात अस्तोर्रे बाल्योनीच्या थाटाच्या लग्नसोहळ्यानंतर काही दिवसांतच घरातल्याच काही जणांनी रात्री झोपेत असलेल्या भाऊबंदांवर हत्यार चालवले. अस्तोर्रे मारला गेला, त्याच्याबरोबर आणखीही मारले गेले. कटात सामील झालेला ग्रिफोनेत्तो हा देखणा, श्रीमंत आणि वयाने लहान होता. तुझ्या बायकोचे जानपाओलो या भाऊबंदाशी संबंध आहेत, असे कारस्थान्यांनी त्याच्या मनात भरवले होते, असे त्या काळच्या स्थानिक बखरीत सांगितले आहे. हा जानपाओलो त्या रात्री निसटला आणि दुसऱ्याच दिवशी माणसे घेऊन शहरात परतला. एक जण वाचला होता आणि मुलाच्या खेळातला कायदा इथे अक्षरशः लागू पडला.

पण त्या खेळात अतालांता नाही. अतालांता ही ग्रिफोनेत्तोची आई, तरुणपणीच विधवा झालेली. मुलाने काय केले हे कळताच तिने त्याला दारात उभे केले नाही, शाप देऊन परत पाठवले. आणि ज्याच्या जिवावर तो उठला होता, त्या जानपाओलोच्या मुलांना तिने आपल्याकडे आश्रय दिला. त्यानंतर जानपाओलोच्या माणसांनी ग्रिफोनेत्तोला गाठले. तो रक्तबंबाळ होऊन पडल्याचे कळले तेव्हा ती सुनेला घेऊन धावत आली आणि मारेकऱ्यांना क्षमा कर, एवढेच तिने त्याच्याकडे मागितले. बखरकार सांगतो की त्याने हात पुढे केला, आईचा हात दाबला आणि प्राण सोडला. मी पोर्ता मार्त्सियातून बाहेर उन्हात आले, तर जवळच सांत एर्कोलानोचे अष्टकोनी चर्च दिसले. जानपाओलोने ग्रिफोनेत्तोला गाठले ते या परिसरात. तिथल्या पायऱ्यांवर शाळेतली मुले पाय पसरून बसली होती. मी बराच वेळ तिथून हलू शकले नाही. मुलाला दारातून परत पाठवणे आणि मग त्याच्याकडे धावत जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच बाईने काही तासांच्या अंतराने केल्या होत्या, आणि दोन्ही मला समजत होत्या.

बसकडे परतताना एका बेकरीतून पाव घेतला. उंब्रियातला पाव बिनमिठाचा असतो आणि पोपच्या कराचा निषेध म्हणून आमच्या पूर्वजांनी मीठ सोडले, असे पेरुजाचे लोक अभिमानाने सांगतात. शेजारच्या टस्कनीतही पाव बिनमिठाचाच असतो, त्यामुळे ही कथा नंतर जोडलेली असावी असे मला वाटते. बरोबरच्या मंडळींनी त्या पावाला नाके मुरडली. आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीत मीठ घालत नाहीत, त्यामुळे मला तो मुळीच खटकला नाही. किल्ल्याचे म्हणाल तर 1860 साली पेरुजा इटलीच्या राज्यात सामील झाले आणि लोकांनी तो पाडून टाकला. त्या जागी वर आज पियात्सा इतालिया आणि बाग आहे. पोपने गाडलेला रस्ता तेवढा खाली शाबूत राहिला, कारण तो किल्ल्याच्या पायात होता.

रोममधल्या चार दिवसांतल्या दोनच गोष्टी इथे सांगायच्या आहेत. पेरुजाच्या सान फ्रान्चेस्को अल प्रातो या चर्चसाठी तरुण राफाएलने दोन मोठी चित्रे काढली होती, एक ओद्दींसाठी आणि दुसरे, काही वर्षांनी, बाल्योनींसाठी. रस्त्यांत एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन घराण्यांची चित्रे एकाच छपराखाली होती. आज ओद्दींचे चित्र व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. बाल्योनींचे चित्र, म्हणजे क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताला वाहून नेण्याचा प्रसंग, अतालांतानेच काढून घेतले; त्यावर 1507 हे साल आहे. 1608 साली कार्डिनल शिपियोने बोर्गेसे याच्यासाठी ते पेरुजातून रोमला नेण्यात आले आणि आज ते त्याच्याच प्रासादात, बोर्गेसे संग्रहालयात आहे. पेरुजाकडे त्याची नक्कल तेवढी राहिली.

बोर्गेसे संग्रहालयात दोन तासांचीच मुभा मिळते. त्यातला तासभर मी या एका चित्रासमोर घालवला. ख्रिस्ताचे पाय उचलून धरणाऱ्या तरुणात ग्रिफोनेत्तोचा चेहरा आहे, असे काही जण मानतात, आणि सगळे त्याच्याकडेच बोट दाखवत होते. मी ख्रिस्ताची आई शोधत होते. ती उजवीकडे, मागे, शुद्ध हरपून कोसळलेली आहे आणि तीन बायकांनी तिला सावरले आहे. मुलाचा हात मेरी मॅग्डालेन या ख्रिस्ताच्या शिष्येने हातात घेतला आहे. हे चित्र जिने सांगून काढून घेतले, तिचा हात मुलाने मरताना धरला होता. चित्रातली आई मात्र त्या हातापासून इतकी दूर आहे की शुद्धीवर असती तरी तिचा हात तिथवर पोहोचला नसता.