तुम्ही विचारलंत म्हणून: ते मीटर मी बदललं का नाही

गाडी कुठेही उभी केली की थोड्या वेळात कोणीतरी डॅशमध्ये डोकं घालतं आणि विचारतं, ताई बाकी सगळं एवढं छान केलंय मग टेंपरेचरचं मीटर असं जळल्यासारखं का ठेवलंय, नवीन मिळतं की. हो, मिळतं. कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं, सगळं माहितीये मला. आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

गाडी फोर्डची जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप, आजोबांनी युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये घेतलेली. बोल्टांच्या डोक्यावर एफ कोरलेला आहे, त्यामुळे विलीज (तशीच जीप बनवणारी दुसरी कंपनी) की फोर्ड हा वाद कृपया इथे नको.

मीटर बिघडलं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या. इंजिनच्या हेडचं काम निघालं म्हणून गाडी एका मिस्त्रींकडे दिली. हे मीटर बॅटरीवर चालत नाही. हेडमध्ये एक पितळी बल्ब बसतो, त्यात ईथर नावाचा द्रव असतो, तिथून तांब्याची बारीक नळी थेट मीटरपर्यंत. पाणी तापलं की ईथरची वाफ वाढते, मीटरच्या आतली वाकडी चपटी नळी त्या दाबाने जराशी सरळ होते आणि काटा सरकतो. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये काढलेली युक्ती, वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरवर जी घड्याळं असतात त्यांच्यातही हीच. तर तो बल्ब काढताना नट जाम झालेला, मी म्हणतेय थांबा, डिझेल सोडा, रात्रभर राहू दे, तोवर त्यांनी पान्याला पाइप लावून जोर दिला, नटाबरोबर नळीही पीळ खात फिरली आणि तुटली. सगळीकडे ईथरचा, जुन्या दवाखान्यासारखा वास. मिस्त्री म्हणाले, जाऊ द्या ताई, इलेक्ट्रिकचं टाकू.

आता तुमचा प्रश्न. टाकलं का नाही?

आधी मी स्वतःच म्हणत होते की टाकू. पण इलेक्ट्रिकचं टाकायचं तर त्याचा सेंडर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, हेडच्या भोकात बसायला हवा, मीटर सहा व्होल्टचं हवं कारण गाडी अजून सहा व्होल्टवर आहे, आणि नंतरच्या महिंद्रा जीपचं सगळ्या मीटरांचं मिळून एकच मोठं गोल क्लस्टर असतं, ते आमच्या पाच वेगवेगळ्या भोकांच्या डॅशला काही कामाचं नाही. राहिलं हुबेहूब दिसणारं नवीन मेकॅनिकल मीटर. ते खरंच आणता आलं असतं, खोटं कशाला बोलू.

मग मुंबईच्या एका जुन्या मीटरवाल्याकडे गेले. त्याने हातात घेतलं, म्हणाला नळी बदलतो, वर डायल घासून आकडे नवे काढून देतो, एकदम शोरूम. आणि बोलता बोलता काचेच्या रिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घातलासुद्धा. मी मीटर अक्षरशः हातातून ओढून घेतलं. त्याला वाटलं पैशावरून चिडली बाई.

कारण त्याआधी आमची एक मैत्रीण, कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिने सहज म्हणून डायलजवळ गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, धरला होता. टिकटिक नाही, सलग कर्रर्र. त्या काळच्या बऱ्याच लष्करी डायलांवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग असायचा, नंबरप्लेटवर चिकटवतात ते नव्हे, खरं रेडियम. आता ते अंधारात चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं संपलं. संपलं ते त्यातलं झिंक सल्फाइड, म्हणजे रेडियममुळे चमकणारी पावडर. रेडियमचं अर्धआयुष्य 1600 वर्षं, ऐंशी वर्षांत जेमतेम साडेतीन टक्के कमी झालं असेल. काचेआड आहे तोवर मी फार घाबरत नाही, पण तो रंग ऐंशी वर्षांत भुगा झालेला असतो आणि तो घासून हवेत उडवायचा, नाकातोंडात घ्यायचा? अमेरिकेत 1920 च्या आसपास हाच रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायच्या, त्यांच्या जबड्यांचं काय झालं ते शोधून वाचा. मीटरवाल्याला सांगायचा प्रयत्न केला, तो हसला.

तर डायल तपकिरी का, याचं उत्तर हे. तो डाग त्या रेडियमच्या रंगानेच पाडलाय. मी ते उघडणार नाही, कोणाला उघडू देणार नाही.

पण नळी तर जोडता येते ना, मीटर न उघडता! ट्रॅक्टरला लागतं तसलं स्वस्त ईथरवालं मीटर आणलं, त्याचा बल्ब आणि नळी वापरायची, मीटर फेकायचं. गोम अशी की ईथर 35 अंशाच्या आतच उकळतं, म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात नळी कापली की सगळं उडून जाणार. म्हणून पातेल्यात बर्फ आणि खडेमीठ, त्यात बल्ब बुडवून ठेवायचा, चांगला गार झाला की मगच नळी कापायची. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासली, वरून जरा मोठ्या तांब्याच्या नळीचा तुकडा सरकवला आणि सोल्डर. जास्त झालं तर सोल्डर आत जाऊन भोक बुजतं, कमी झालं तर गळतं. शिवाय ईथर 160-180 अंशालाच पेट घेतं आणि सोल्डरिंगचं आयर्न तीनशेच्या वर, त्यामुळे गॅस बंद, खिडक्या उघड्या, आई देवघरापाशी बसून बडबडतेय. हात थरथरत होते, ते काही बर्फाने नाही. दादा पातेलं धरून उभा, आणि दर मिनिटाला तेच, नवीन का नाही घेत, नवीन का नाही घेत.

जोड बसला. उकळत्या पाण्यात बल्ब घातला, काटा हलला, आई म्हणाली झालं एकदाचं. आमच्याकडे पाणी साधारण 98 ला उकळतं, म्हणजे 208 फॅरनहाइट, आणि काटा 190 च्या आसपास थांबला. अजूनही तेवढंच कमी दाखवतो. म्हणजे ज्या कामासाठी मीटर असतं तेच हे नीट करत नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. मनात अठरा मिळवून वाचते. गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला दिली तर? देत नाही.

पूर्वी मी ओरिजिनलवरून लोकांशी किती भांडलेय, नवीन मीटर लावलेल्या गाडीला नाटकातली जीप म्हणायचे. ती बाई आज भेटली तर तिला माझ्या डॅशमधलं ऑइल प्रेशरचं मीटर दाखवीन. ते नवीन आहे. जुन्याच्या नळीतून गरम ऑइल गुडघ्यावर गळायला लागलं तेव्हा आठवड्यात बदललं, त्याच्या डायलवरही तसाच डाग होता, ते तसंच डब्यात बंद करून ठेवलंय, आणि त्याबद्दल आजवर मला एकानेही विचारलेलं नाही. मग टेंपरेचरच्याच मीटरसाठी एवढा जीव का टाकला? सेफ्टी म्हणू? डायल न उघडता नवीन लावणं त्याहून सेफ होतं. हट्ट म्हणा हवं तर, मिस्त्रींनी ज्या सहजपणे जाऊ द्या म्हटलं त्याचा रागही असेल.

दिवाळीनंतर हेड परत उघडायचंय, म्हणजे बल्ब परत काढावा लागणार. दादाने मला न विचारता नवीन मीटर मागवून कपाटात ठेवलंय. जोड तुटला तर लावेनही.