साठ ओळी, चाळीस रकाने आणि रिकाम्या जागा

विश्लेषणासाठी माझ्याकडे आलेला तक्ता लहान होता: ६० रुग्णांच्या ६० ओळी आणि तपासण्या व प्रश्नावली मिळून ४० रकाने. प्रत्येक रकान्यात सुमारे तीन टक्के नोंदी नव्हत्या, त्यामुळे प्रथमदर्शनी चिंतेचे कारण दिसत नव्हते. मात्र या रिकाम्या जागा सर्वत्र विखुरलेल्या असतील, तर एखादी ओळ पूर्ण भरलेली असण्याची शक्यता ०.९७ चा ४० वा घात, म्हणजे जेमतेम ३० टक्के असते. अपूर्ण ओळी गाळल्या असत्या तर हाती १८ रुग्ण उरले असते. रिकाम्या जागी सरासरी भरण्याचा पर्यायही मी सोडून दिला, कारण त्याने विचलन आणि सहसंबंध दोन्ही खोटेपणाने आक्रसतात.

सर्वाधिक वेळ गेला तो प्रत्येक रिकामी जागा कशामुळे रिकामी आहे, हे शोधण्यात, आणि तो वेळ सार्थकी लागला असे माझे मत आहे. ‘दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने’ या रकान्यात ज्यांची दुसरी शस्त्रक्रियाच झाली नव्हती त्यांची जागा मोकळी होती; तिथे भरण्यासारखे काही नव्हतेच. एका तपासणीत मात्र उपकरणाच्या किमान मर्यादेखालील मूल्ये कोरी सोडलेली होती. अशी जागा मूल्य कमी असल्यामुळेच कोरी राहते, म्हणून तिला यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सुटलेली, समजून चालत नाही. नोंद निव्वळ योगायोगाने सुटली, इतर नोंदींशी निगडित कारणाने सुटली की त्या न नोंदलेल्या मूल्यामुळेच सुटली, असे संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रूबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेले वर्गीकरण अशा वेळी कामी येते.

उरलेल्या जागांसाठी, त्या तपासणीच्या जागांसह, मी साखळी समीकरणांची बहुविध पूर्ती वापरली: एकेका रकान्याचे भाकीत इतर रकान्यांवरून करत रिकाम्या जागा भरायच्या आणि असे पूर्ण तक्ते अनेक तयार करायचे. त्यासाठी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील ‘माईस’ हे पॅकेज घेतले. प्रत्येक रकान्याचे भाकीत उरलेल्या ३९ रकान्यांवरून करू दिले, तर त्या रकान्यात नोंद असलेल्या सुमारे अठ्ठावन्न ओळींवर ते समीकरण डळमळीतच राहणार. म्हणून प्रत्येक रकान्यासाठी त्याच्याशी, तसेच तो रिकामा असण्याशी संबंध असलेले मोजकेच चल, म्हणजे इतर रकाने, मी निवडले. ज्या निष्पत्तीचा अभ्यास करायचा होता ती मात्र प्रत्येक यादीत ठेवली, कारण तिला वगळल्यास भरलेल्या मूल्यांतून तिच्याशी असलेला संबंध क्षीण होतो. प्रश्नावलीतील सुटलेले उत्तर त्याच मापनातील इतर प्रश्नांवरून भरले, पण अन्य रकान्यांच्या भाकितासाठी त्या मापनाची एकूण बेरीजच दिली, त्यामुळे चलांची गर्दी बरीच ओसरली.

पूर्ण केलेले तक्ते किती असावेत, याचा प्रचलित अंदाज अपूर्ण ओळींच्या टक्केवारीइतका आहे, म्हणून मी ७० तक्ते तयार केले. इतक्या लहान तक्त्यासाठी संगणकाला त्यात काहीच श्रम पडत नाहीत. निष्कर्ष रूबिन यांच्या नियमांनी एकत्र केले. त्यांत प्रत्येक तक्त्यातील अनिश्चितता आणि तक्त्यातक्त्यांमधील फरक, दोन्ही धरले जातात. ओळी थोड्या असल्यामुळे स्वातंत्र्याच्या अंशांसाठी (अनिश्चितता मोजताना हाती किती स्वतंत्र माहिती आहे, ते सांगणारा आकडा) बर्नार्ड आणि रूबिन यांची १९९९ ची दुरुस्ती लावली.

शेवटी, किमान मर्यादेखालील तपासणीची भरलेली मूल्ये टप्प्याटप्प्याने आणखी खाली सरकवून सर्व विश्लेषण पुन्हा केले. वयाचा परिणाम जवळपास तसाच राहिला; त्या तपासणीचा परिणाम मात्र थोड्याशा बदलानेही शून्याकडे झुकला, त्यामुळे अहवालात तो आकडा एकटा न देता सरकवलेल्या प्रत्येक टप्प्याचा अंदाज आणि त्याची विश्वासार्हता-मर्यादा शेजारी छापली.