पाकट आणि कस्तुर: मालवण ते आंबोली

मे महिन्याच्या मध्याला मालवणात होतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागे मागे सरकत होती. जाळं वाळूवर आलं तेव्हा बांगड्या-तारल्यांत ताटाएवढं एक पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा, पडलेलं दिसलं. मी पुढे वाकलो तसा एक रापणकर ओरडला, "शेपटेक हात लावू नकात, काटो मारतला!"

पाकट जिवंत होतं. डोळे पाठीवर, आणि डोळ्यांमागची दोन छिद्रं उघडझाप करत होती. वाळूत दडून बसलेलं पाकट श्वासासाठी पाणी तिथूनच आत घेतं. रापणकरानं काठीनं त्याला उलटं केलं. पोट पांढरंशुभ्र आणि तोंड तिथेच, खाली. म्हणजे आपण काय खातोय ते त्याला दिसतच नाही! वाळूतल्या कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, अंगातली सूक्ष्म वीज ते तोंडाभोवतालच्या बारीक छिद्रांनी ओळखतं आणि चपट्या दातांनी तिचं कवच भरडून टाकतं.

दुसऱ्या दिवशी आंबोलीत पुन्हा कुर्लीच समोर आली. हिरण्यकेशीच्या वाटेवर अंधार असतानाच शीळ सुरू झाली. माणूसच रमतगमत शीळ घालत चालला आहे असं वाटावं, इतकी हुबेहूब. उजाडल्यावर ओढ्यातल्या खडकावर तो शीळ घालणारा पक्षी, शीळकरी कस्तुर, दिसला. आधी नुसता काळा. मान वळवली तेव्हा कपाळावर आणि खांद्यावर निळा रंग चमकला. चोचीत छोटी कुर्ली होती, ती तो दगडावर आपटत होता.

या कस्तुरासाठी लांबून लोक येतात, पहाटे उठतात, कॅमेरे रोखतात. पाकटाकडे मात्र बाजारात किलोच्या भावानंच बघितलं जातं, हे मला फार खटकतं. पाकट अंडी घालत नाही. पिल्लं आईच्या पोटातच दुधासारख्या स्रावावर वाढतात आणि जिवंत जन्मतात. एका वेळी मोजकीच, आणि वयात यायला त्यांना काही वर्षं लागतात. बांगड्यासारखी लाखोंनी अंडी नाहीत, त्यामुळे ट्रॉलरच्या जाळ्यात गेलेल्यांची भर लवकर निघत नाही. कस्तुरालाही दोन ते चारच अंडी; पण तो ओढ्याकाठच्या कपारीत ऐन पावसात घरटं करतो, तिथे कुणी जाळं टाकत नाही.

१ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. त्याआधी मालवणला गेलात तर रापण बघायला थांबा आणि जाळ्यात पाकट आलं तर ते नीट बघा. जिवंत असेल तर परत पाण्यात सोडाल का, असं रापणकरांना जरूर विचारा.