आठची ओव्हर

गुरुवार, रात्री दहा

उशिरा पोचायची सवय सुटली, असं आता लिहायला हरकत नाही. गेले काही महिने मॉर्निंग ड्यूटीला आठच्या आत वॉर्डात असते, तेही धापा न टाकता. कसं जमलं म्हणून विचारलं की मी "लवकर उठते" एवढंच सांगून मोकळी होते. ते खरं नाही. उठते पूर्वीसारखीच, पाचला. म्हणून आज नीट लिहून ठेवते.

आमच्या कामात उशीर मस्टरवरच्या लाल खुणेवर भागत नाही. मी आले नाही तर नाईटची सिस्टर जाऊ शकत नाही. ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची सगळी माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, आणि ती प्रत्येक खाटेपाशी उभं राहून द्यायची असते. कोणाची सलाईन किती उरली, कोणाचं आठचं इंजेक्शन आहे, कोणाला उपाशी ठेवायचंय, लघवी किती झाली, कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत. हे घ्यायला समोर कोणी नसेल तर बारा तास उभी असलेली पोरगी तशीच थांबते. आमची नाईटची सिस्टर बदलापूरची. ठाण्याहून कल्याणपर्यंत गाड्या भरपूर, त्यापुढे कर्जत लाइनला विरळ. माझ्या बारा मिनिटांपायी तिची एक गाडी सुटली की तिला घरी पोचायला अर्धा तास उशीर होणार, आणि तोवर लेक शाळेच्या रिक्षात बसून गेलेली. तिनं कधी तक्रार केली नाही. "ताई, गाडी लेट होती का?" इतकंच विचारायची. तिची सकाळ माझ्या हातात आहे हे ज्या दिवशी डोक्यात बसलं, त्या दिवसापासून मी माझ्या सकाळीकडे बघायला लागले.

५०० मिलीची बाटली ८ तासांत जायची, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला २१ थेंब. हे हिशेब आम्हाला पाठ असतात, सेकंदकाटा बघत थेंब मोजण्यात आयुष्य गेलं. घरातली सकाळ मात्र अंदाजावर चालायची. मग काही दिवस प्रत्येक काम घड्याळ लावून केलं आणि वहीत मांडलं. स्टेशन दहा मिनिटांवर, असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. घराच्या दारापासून फलाटापर्यंत प्रत्यक्षात एकोणीस मिनिटं लागत होती. लिफ्टची वाट, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा, पुलाचे जिने. शिवाय पहिल्याच गाडीत चढायला मिळेल असं धरलेलं. कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये डोंबिवलीला पाय ठेवायला जागा मिळेलच, हे कोण सांगणार? दहा मिनिटं कधीतरी एखाद्या रिकाम्या रविवारी लागली असतील, तीच मनानं कायमची धरून ठेवली.

हे माणसांचं फार जुनं दुखणं आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला! तेव्हापासून मी अंदाजावर विश्वास ठेवत नाही, वहीवर ठेवते.

पण वहीनं अर्धंच काम झालं. खरा घोळ दारातून पाय निघताना व्हायचा. पर्स खांद्याला, चपला पायात, आणि तेवढ्यात मशीन थांबलेलं दिसायचं. एवढे कपडे वाळत टाकून जाते, असं म्हणून मी परत आत. लवकर पोचून नुसतं बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे आम्हा बायकांच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. आता आठ हा आकडा मी डोक्यात ठेवतच नाही. सहा पन्नास ठेवते, दाराबाहेर पडायची वेळ. त्यानंतर दिसलेलं काम संध्याकाळचं, नाहीतर आईंचं. पहिल्यांदा मी घुटमळले तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, कपडे कुठे पळून जातायत? नीघ तू." त्यांचा हा आधार नसता तर माझी वही कपाटात पडून राहिली असती.

हाताशी आलेली दहा-पंधरा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. इमर्जन्सी ट्रॉली शांतपणे तपासून होते, फाइली आधी चाळता येतात, ओव्हर घेताना पेशंटकडे नीट बघता येतं. आज एका आजोबांचा सलाईनचा हात सुजलेला दिसला तो ओव्हर घेतानाच. लगेच सलाईन बंद करून सुई काढली, दुसऱ्या हाताला लावली. पूर्वी घाईघाईत ओव्हर घेतली असती तर ते कदाचित राउंडपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं.

मे संपत आला. पावसात गाड्या रेंगाळणार, म्हणजे सहा पन्नासचं सहा पस्तीस करावं लागेल. ती पंधरा मिनिटं स्वयंपाकातूनच काढायची आहेत. भाजी रात्री चिरून ठेवायची की पोळ्यांना बाई लावायची, ते रविवारी आईंबरोबर बसून ठरवेन.