शेतीचे सर आणि आपली काळी

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आले ते शेतीचे सर. गॅदरिंग, क्रीडा स्पर्धा, निकालाची परंपरा यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरांवरच लिहायचं आहे. पस्तीसेक वर्षं रब्बी ज्वारीवर संशोधन केलं, ते सरांमुळे.

आमच्या पिढीनं 1972 चा दुष्काळ लहानपणी अंगावर काढला. रेशनवरची लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायला गेलेल्या आया. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या मंगळवेढ्यानं परदेशी ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, हे सरांना फार लागलं होतं. आठवीच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, ‘‘दामाजीपंतांनी कोठारं उघडली, लोक जगले. पण कोठारात ज्वारी होती म्हणून उघडली ना? ती पिकवली कुणी?’’ दामाजीपंतांची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती, पण हा प्रश्न त्याआधी कुणीच विचारला नव्हता.

एक प्रसंग सांगतो. थंडीचे दिवस होते, शाळेमागच्या पट्ट्यात ज्वारी पोटरीत आली होती, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात होती. सरांनी अर्धा पट्टा मुद्दाम न कोळपता, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं न हलवता ठेवला होता. तिथं जमिनीला भेगा पडल्या होत्या. सरांनी सुतळीला खिळा बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘सोड आत.’’ सुतळी जात राहिली, जात राहिली. वर ओढून मापली तर माझ्या कमरेइतकी भरली. मग कोळपलेल्या बाजूला त्यांनी खुरप्यानं वीतभर उकरलं आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. मूठ आवळली तर तिचा लाडू वळला. ‘‘भेगेतनं ओल उडून जाते. कोळपं म्हणजे नुसतं तण काढणं नाही, दार लावणं आहे,’’ सर म्हणाले. पुढे कृषी विद्यापीठात कोरडवाहू शेतीची पुस्तकं वाचली, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तणासाठी, पाचव्यात ओल राखायला आणि आठव्यात भेगा बुजवायला कोळपणी, ही शिफारस मला नवी वाटली नाही.

आपल्या भागात ज्वारी पेरायची ती हस्ताच्या आसपास, आणि मग वरून थेंब नाही आला तरी जमिनीतल्या ओलीवरच ती काढायची. सोलापूरला 1933 पासून याच प्रश्नावर काम चालू आहे. मोहोळच्या केंद्रावर आपल्याच गावरान मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा वाण 1930 च्या दशकातला. आजही शेतकरी तो सोडत नाहीत. का सोडत नाहीत, हे समजून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दाणा टपोरा हवा, पण कडबाही उंच आणि गोड हवा, कारण दुष्काळात माणसाआधी दावणीची जनावरं उघडी पडतात. चाचणीच्या एका गावात एका मावशींनी नव्या वाणाची भाकरी रात्री थापली, सकाळी माझ्यासमोर मोडली. ‘‘शिळी मऊ राहिली. आता पेरू,’’ एवढंच बोलल्या. कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मला तो निकाल मोठा वाटतो.

हलक्या रानात मालदांडीचा दाणा भरायच्या आत ओल संपते, खडखड्या हा खोड पोकळ करणारा रोग येतो, ताटं कोलमडतात. अशी चार एकर मुरमाड जमीनच ज्याच्या नावावर आहे, त्यानं काय पेरायचं? म्हणून जमीन पाहून वाण देण्यावर भर आला: हलक्या जमिनीला लवकर येणारी फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. त्या चाचण्यांमध्ये माझाही हात लागला, याचं समाधान आहे.

मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. आनंदच आहे. पण शिवारातून गाडी नेताना जीव तुटतो. पाणी आलं तिथं ऊस आला. जिथं आलं नाही तिथंही ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, म्हणून लोक हरभऱ्याकडे वळले. कडबा गेला तशी दावणही रिकामी झाली. शाळेमागचा आपला पट्टाही गेला. खोल्या हव्या होत्या, हे मान्य. तरी त्या पट्ट्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ते सोसत नाही.

समितीला माझी एकच विनंती आहे. विहिरीकडचा तुकडा मोकळा आहे, तो आठवीच्या मुलांना द्यावा. जमीन मध्यम आहे, सुचित्रा चांगली येईल. बियाणं मी देतो, गंधक चोळून, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा काणी रोग येणार नाही. पेरणीला आणि तिन्ही कोळपण्यांना मी स्वतः येईन. फक्त निर्णय पावसाळ्याआधी व्हावा. जुलैत वाफे बांधले नाहीत तर पावसाचं पाणी वाहून जाईल.