आंघोळ बसून की उभ्याने

सोमवार, रात्री

बाथरूम फोडायचं ठरलं. खालच्या काकूंच्या छताला ओल धरली होती, ती आता भिंतीवर उतरायला लागली आहे. मिस्त्री संध्याकाळी येऊन गेले. बिल्डिंग नव्वदीतली. भिंतीतले लोखंडी पाइप गंजलेत, फरशीखालच्या कोब्यातलं वॉटरप्रूफिंग केव्हाच संपलंय. वरवर डागडुजी करून भागणार नाही, खालच्या स्लॅबपर्यंत सगळं काढावं लागेल. एवढा राडारोडा उपसायचाच आहे, तर आत नवीन काय बसवायचं हा विषय जेवताना निघाला.

अविनाशला टब हवाय. सईला डोक्यावरून सरळ खाली पडणारा मोठा शॉवर आणि काचेचं पार्टिशन. आई काहीच बोलल्या नाहीत. भाताचा शेवटचा घास संपवून "मला काय, एक बादली पुरे," म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

अविनाशची हौस वरवरची नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय. त्याची कंबर गेली काही वर्षं दुखते. गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता. गाडीत बसताना हात न टेकवता बसला. तसं पाणी घरी असावं असं त्याला वाटतं, यात चूक काय? म्हणून टब नको हे मी लगेच म्हणणार नाही. आधी नीट बघते.

बुधवार

आज हिशोब मांडला.

आपली बाथरूम साडेसात बाय पाच. पाच फुटी टब आडवा बसतो, मिस्त्रींनी टेप लावून दाखवलं. पण अंग बुडेल एवढं पाणी म्हणजे दीडशे लिटर. आपला गिझर २५ लिटरचा. त्यातलं ६० अंशांचं पाणी नळाच्या २५ अंशांच्या पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांवर आणलं, तर साठ लिटरही होत नाही. म्हणजे एका टबाला गिझर जवळजवळ तीनदा तापवायचा. दोन हजार वॅटच्या गिझरला तेवढं पाणी तापवायला दर वेळी अर्धा तास लागतो. तिसरं पाणी तयार होईपर्यंत पहिलं निवलेलं. कुंडात खालून अखंड गरम पाणी येत राहतं, ते सुख या टबात यायचं नाही. मोठा गिझर घेता येईल, सोलरही लावता येईल, पण पाणी कुठून आणायचं? घरगुती पाण्याच्या भारतीय मानकात दरडोई दिवसाला १३५ लिटर धरतात आणि त्यात आंघोळीला ५५. टब एकदा भरला की जवळपास तिघांची आंघोळ त्यात गेली. आमच्या सोसायटीत मार्च लागला की टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी टबात भरून त्यात पडून राहणं माझ्याच्याने होणार नाही.

वजनाची भीती मनात होती, ती मिस्त्रींनी काढली. "ताई, स्लॅबला काय होत नाही. टबाखाली गळायला लागलं तर दिसणार कुणाला, ते बोला." खालच्या काकूंचं छत डोळ्यांपुढे आलं.

मग सईचा शॉवर. आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकीतलं पाणी शॉवरच्या जाळीपासून जेमतेम तीन मीटर उंच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आपल्याला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. त्या परातीएवढ्या शॉवरमधून नुसतं ठिबकेल, नाहीतर पंप बसवायचा. जुन्या शॉवरखाली अठरा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं. अडीच मिनिटांत भरली. दहा मिनिटं शॉवर सुरू राहिला तर सत्तर लिटर. आईंची आंघोळ सव्वा बादलीत होते.

एवढा हिशोब झाला तरी मन भरलं नाही. पाण्यावरून टब बाद होतो, पण शॉवर पूर्ण बाद होत नाही. मधेच बंद करून साबण लावला तर शॉवरलाही पाणी थोडंच लागतं.

शनिवार

आज खरं काय ते कळलं.

आईंचा खांदा आखडलाय. त्यांनी आतून हाक मारली, "अगं, जरा पाठ चोळून देतेस का?" गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाट सुटला, त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात. मी पाठ चोळली आणि दाराशीच थांबले. आधी बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवून अंदाज घेतला. मग पहिला तांब्या पायांवर, दुसरा मांड्यांवर, नंतर खांद्यांवर. घाई नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले, तेव्हाही निवांत बसल्या होत्या, कारण बूड टेकलेलं होतं. उठायची वेळ आली तेव्हा मात्र डावा हात नळावर गेला, उजवा खिडकीच्या कठड्यावर, आणि सगळा भार नळावर टाकून त्या उभ्या राहिल्या. नळ भिंतीत हलला. त्याची गोल चकती टाइलपासून सुटून मागे बारीक फट पडली, आणि त्यांच्या दंडावरून ओघळणारं पाणी सरळ त्या फटीत गेलं.

आमचा नळ सारखा का सैल होतो, याचं उत्तर समोर होतं. त्याच्यावर रोज आधाराच्या दांडीचं काम पडतंय. काकूंच्या छतातल्या ओलीचा थोडा वाटा तरी या फटीचा असणार.

टब की शॉवर हा प्रश्नच मला आता बाजूचा वाटतो. टबात पडून आंघोळ होते, शॉवरखाली उभ्याने होते. आपल्या घरात बसून करतात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर पालथं घेते. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावायचं ते पाटावर बसवून. आजारातून उठलेल्या माणसाची पहिली आंघोळ बसूनच. काचेच्या अडीच फुटी खोक्यात यातलं एकही होत नाही, कारण तिथे दुसऱ्या माणसाला जागा नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला आंघोळीत दुसरं माणूस कधीही लागतं.

टबाची कड पावणेदोन फूट उंच. ओल्या पायाने, बदललेल्या गुडघ्याने ती ओलांडायची हे मला विचारातही सोसवत नाही. शॉवरखाली डोळे मिटून उभं राहिलं की तोल सांभाळायला डोळ्यांची जी मदत असते तीच जाते, तरुणाला ते जाणवत नाही एवढंच. शिवाय स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की शॉवरचं पाणी एकदम कढत होतं. बादलीत तसं होत नाही, पाणी आधी हाताला कळतं, मग अंगावर येतं.

रात्री भाच्याशी बोलणं झालं. तो तोक्योत निशिकासाईला राहतो. म्हणाला, मावशी, इथे टब घरोघरी आहे, पण टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुतल्याशिवाय कुणी आत उतरत नाही, आणि एकदा भरलेलं पाणी सगळं घर वापरतं. ऐकून बरं वाटलं. टबाचा एवढा शौक असलेले लोकही अंग धुवायला बसतातच.

रविवार

अविनाशला सकाळी नळामागची फट दाखवली. बराच वेळ बघत राहिला. मग टेप आणली आणि आईंना खुर्चीवर बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. साडेसोळा इंच. "बाक एवढाच उंच हवा," एवढंच म्हणाला. टबाचं नाव पुन्हा निघालं नाही. थंडीत त्याला गणेशपुरीला घेऊन जायचं, हे मी मनाशी पक्कं केलंय.

सई सुरुवातीला हिरमुसली. तिला म्हटलं, शॉवर मिळेल, पण हातात घेता येणारा, उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा. तिला उभ्याने, आजीला बसून. ते तिला पटलं. काचेऐवजी पडदा, यावर मात्र अजून रुसवा आहे. पडद्यावर मी हटणार नाही.

मंगळवार

मिस्त्रींना सगळं सांगून झालं. भिंतीला लागून साडेसोळा इंच उंचीचा विटांचा बाक, वर कडाप्पा नको, खरखरीत टाइल. बाकाशेजारी एक आडवी दांडी आणि उठताना धरायला एक उभी, दोन्ही स्टीलच्या. टाइलच्या मागे पोकळ राहिलं तर दांडी भार घेत नाही, म्हणून तेवढ्या जागेत मागे सिमेंट ठासून भरायचं आणि बोल्ट विटेत जायला हवेत. नळ बाकावरून हात पोचेल असा आणि खाली बादली मावेल असा. दाराशी उंबरा नाही, जमिनीला पाच फुटांना एक इंच ढाळ, पाणी आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे.

वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि खाली काकूंकडे रोज छत बघून यायचं. गुरुवारी पाणी नसतं, तेव्हा भरायचं काम शुक्रवारी. काकूंना आजच फोन करून विचारलं, त्या दोन्ही दिवस घरी आहेत.