पस्तिशी ओलांडलेली द्राक्षवेल

आमच्या जालना भागात पंधरा वर्षांची द्राक्षबाग म्हातारी समजली जाते. खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटू लागते, आत खोडकिड शिरते, ओलांड्यांवर (खोडाच्या आडव्या फांद्यांवर) फुटवे विरळ होतात आणि माल घटला की बाग तोडून डॉगरीज या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, नवी कलमे भरली जातात. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वेलींपासून आजही रेड वाइन बनते, असे इथल्या बागायतदाराला सांगितले, तर त्याचा पहिला प्रश्न असतो : ‘‘एकरी किती टन निघतो?’’

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ‘फार थोडा’ असेच आहे. पण वाइनचे गणित तिथेच वेगळे होते. जुन्या वेलीला घड कमी लागतात आणि मणी बहुधा बारीक राहतात. रेड वाइन सालीसकट आंबवली जाते, रंग आणि बराचसा तुरटपणा सालीतून उतरतो. त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असलेला बारीक मणी तिथे सोन्याच्या मोलाचा ठरतो. आपण मात्र खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवतो. शिवाय खोल गेलेल्या मुळ्या आणि जाड खोडातला अन्नसाठा यांमुळे अशी वेल कोरड्या वर्षातही सहसा डगमगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या; दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पोहोचली नाही, म्हणून तिथल्या वेली खुंटावर कलम न करता स्वमुळांवर टिकल्या. गंमत अशी की, १९८०च्या दशकात तिथल्याच सरकारने द्राक्षबागा उपटण्यासाठी अनुदान दिले आणि त्यात कित्येक जुन्या वेली गेल्या. पुढे २००९ साली बरोसाने वेलींच्या वयाची ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशी प्रतवारी ठरवली; आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही २०२४ मध्ये जुन्या वेलीसाठी ३५ वर्षांचीच अट मान्य केली.

तरीही बहुतेक देशांत बाटलीवर ‘जुन्या वेली’ असे छापायला कायद्याचे बंधन नाही, म्हणून त्या शब्दांवर मी फारसा विसंबत नाही. दक्षिण आफ्रिकेतील जुन्या वेलींच्या प्रमाणित बाटलीवर लागवडीचे वर्षच छापलेले असते, ती पद्धत मला अधिक सचोटीची वाटते.

आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) यांत वेलीला हिवाळ्याची झोप मिळतच नाही. त्यात दुष्काळ. वजनाऐवजी प्रतीवर दर देणारा गिऱ्हाईक दारात येईपर्यंत पंधराव्या वर्षी बाग तोडणाऱ्याला मी तरी नावे ठेवणार नाही.